पाचची बस

'सुंदर' हा शब्द त्यांना चालत नसे. सहलीहून परतलेलं कुणी जिन्यातच म्हणालं, "काय सुंदर जागा आहे हो डॉक्टर," की ते हातातलं वर्तमानपत्र मांडीवर ठेवत आणि विचारत, "पायाखाली काय होतं?" समोरचा गोंधळून जाई. पायाखाली काय असणार? "वाळू होती, गवत होतं, की शेण? ओलं की कोरडं? ते सांग. सुंदर काय, तू घरी बसूनही म्हणशील."

मी त्यांच्या घरात सहा वर्षं भाडेकरू होतो. नेदरलंड्सच्या उत्तरेला, ग्रोनिंगनमध्ये, कालव्यापासून दोन गल्ल्या आत, विटांचं अरुंद, उभं घर. तळमजल्यावर ते. वरच्या दोन मजल्यांवर आम्ही तीन-चार मराठी मुलं. कुणी विद्यापीठात शिकणारी, कुणी शिक्षण संपवून तिथेच नोकरीला चिकटलेली. ते भूल देणारे डॉक्टर, निवृत्त झालेले. मूळचे वाईकडचे, पण उमेदीची बावीस वर्षं त्यांनी आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका लहान गावातल्या इस्पितळात काढली होती. बायको तिथेच वारली. मुलगी संशोधनासाठी ग्रोनिंगनला आली ती इथलीच झाली, म्हणून निवृत्तीनंतर तेही आले. मुलगी शेजारच्या गल्लीत राहायची. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर ती इंग्रजीत द्यायची, आणि तिचं इंग्रजी आयरिश वळणाचं असल्यामुळे आम्हा पुण्याच्या पोरांना ते निम्मंच कळायचं.

डॉक्टर 'आमच्या गावी' म्हणाले की नवा भाडेकरू हमखास फसायचा. "आमच्या गावी एव्हाना लोक तलावावर मासे धरायला बसले असतील," असं ते म्हणत, आणि नवा मुलगा आदरानं विचारी, "वाईला का?" मग ते त्या आयरिश गावाचं नाव सांगत. ते नाव दोनदा ऐकूनही कुणाला परत उच्चारता आलं नाही. वाईला ते 'वाई'च म्हणत, एखाद्या स्टेशनाचं नाव घ्यावं तसं.

रविवारी सहल. हवा कशीही असो, नऊ वाजता ते दारात उभे असत. एका हातात घडीचं स्टूल, दुसऱ्या हातात आल्याच्या चहाचा थर्मास. त्यांच्या जुन्या गाडीत मावतील तेवढ्यांना कोंबून ते उत्तरेकडे निघत. ग्रोनिंगनच्या आसपास पाहायला काय आहे, असं आम्ही आपसांत म्हणायचो. सपाट शेतं, कालवे, गायी, समुद्राचा बांध. त्या सपाटीत मधूनच एखादं खेडं दहा-पंधरा फूट उंचावर बसलेलं दिसतं. पुराच्या भीतीनं जुन्या लोकांनी माती आणि शेणाचे थर टाकून ते उंचवटे केले. डॉक्टर तिथे स्टूल मांडून बसत. "या देशातली टेकडी म्हणजे शेण," ते म्हणत. "आमच्या गावी टेकड्या देवानं केल्यात. पण मेहनत यांची जास्त."

एकदा समुद्राच्या बांधावर आमच्यातला एक जण कंटाळून म्हणाला की इथे तर काहीच नाही. डॉक्टरांनी घड्याळ काढलं आणि त्याला दहा मिनिटं तोंड बंद ठेवून उभं केलं. मग काय काय आहे ते मोजून सांगायला लावलं. त्यानं एकोणीस गोष्टी सांगितल्या. विसावी म्हणून त्यानं डॉक्टरांनाच मोजलं. त्यावर ते खूश झाले, त्याला चहा पहिला मिळाला.

आजारपणात त्यांचा काही उपयोग नव्हता. ताप आला म्हणून खाली गेलं तर म्हणायचे, "पॅरासिटामॉल घे आणि झोप." इथले फॅमिली डॉक्टरही तेवढंच सांगतात, मग आम्हाला घरात डॉक्टर असून फायदा काय, असं मी एकदा म्हणालो. "फायदा एवढाच लेका, की इथं अपॉइंटमेंट लागत नाही," ते म्हणाले.

आणि ती पुस्तिका. तिच्यावर ते किती वर्षं काम करत होते ते त्यांनाही सांगता येत नसे. त्या आयरिश गावाभोवतीची पाहण्याजोगी ठिकाणं आणि तिथे करण्यासारख्या गोष्टी. आणि ती मराठीत. जुन्या तीर्थक्षेत्रांच्या माहितीपुस्तकांत असतं तसं 'जाण्याचा मार्ग', 'राहण्याची सोय', 'पाहण्यासारखे', अशी सगळी मांडणी. त्या गावी मराठी माणूस जाण्याची शक्यता शून्य. हे त्यांना कुणी म्हटलं की ते म्हणत, "मी गेलो होतो ना?"

मला टायपिंग येत होतं म्हणून ते काम माझ्याकडे आलं. अजून मला त्यातले तुकडे पाठ आहेत.

'किल्ला. दार कुलूपबंद असते. किल्ली समोरच्या पिवळ्या दाराच्या घरी मागावी. कुत्रा भुंकतो, चावत नाही. पायऱ्या बेचाळीस. सतरावी हलते.'

'मठ. छप्पर नाही. आत मेंढ्या असतात. त्यांना हाकलू नये.'

'झरा. शेजारच्या काटेरी झाडाला लोक नवसाच्या चिंध्या बांधतात. त्यांवर लिहिलेले वाचायला बसू नये, चिंध्या सोडू तर मुळीच नये.'

'दलदलीतली वाट. फळ्यांवरूनच चालावे. पाय घसरल्यास पाय परत येतो, बूट येईलच असे नाही.'

मी एकदा मठाला 'निसर्गरम्य परिसरात' असं आपल्या मनानं जोडलं होतं. त्यांनी ते लाल पेन्सिलनं खोडलं आणि समासात लिहिलं, 'गवत ओले असते.'

प्रत्येक अंतरापुढे तीन वेळा असत. 'गुडघे चांगले: वीस मिनिटे. गुडघे बरे: अर्धा तास. दादा: पन्नास मिनिटे.' दादा कोण, हे मी पहिली दोन वर्षं विचारलं नाही. त्यांचा काहीतरी विनोद असेल असं धरून चाललो.

इथपर्यंतचं मी बऱ्याच जणांना सांगितलं आहे. आता मी अ‍ॅमस्टरडॅमजवळ नीउ-व्हेनेपला राहतो, इथे आपली माणसं पुष्कळ आहेत. कुणाच्या घरी जेवायला जमलं की मी डॉक्टर सांगतो आणि लोक पोट धरून हसतात. कुत्रा भुंकतो, चावत नाही, इथे तर हमखास. यापुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, वाईला शाळेत शिक्षक होते. दोघांत बोलणं नव्हतं. कारण डॉक्टरांनी मला एकदा गाडी चालवता चालवता सांगितलं, रस्त्यावरची नजर न काढता. वडील अत्यवस्थ असल्याचा फोन आला तेव्हा त्यांनी कळवलं होतं, गुरुवारी पोचतो. त्या आठवड्यात इस्पितळात भूल देणारे ते एकटेच होते. रजा मिळाली नाही. आणि मिळाली नाही हे कळवायचं राहून गेलं. वडील बुधवारी रात्री गेले. गुरुवारी सकाळपासून दादा एसटी स्टँडवर उभे राहिले, पुण्याकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीची दारं बघत. वडील घरात बर्फावर. दिवस मावळला तेव्हा लोकांनीच त्यांना हाताला धरून घरी नेलं.

"विसरलो रे," डॉक्टर म्हणाले. "कळवायचं विसरलो. बाकी काही नाही."

त्यानंतर दिवाळीला एक पोस्टकार्ड तिकडून, एक इकडून. त्यात हवापाण्याखेरीज काही नसे. अशी तीसेक वर्षं गेली. मग एका फेब्रुवारीत दादांचं पाकीट आलं. त्यांचा मुलगा लंडनला होता, जूनमध्ये ते आणि वहिनी त्याच्याकडे येणार होते. दादांनी लिहिलं होतं, 'ज्या गावासाठी तू आम्हाला विसरलास ते गाव एकदा पाहायचे आहे. तू बरोबर येऊ नकोस. पाहून झाल्यावर तुझ्याकडे येतो.'

डॉक्टरांनी ते पत्र आम्हाला जेवताना वाचून दाखवलं. मग पुन्हा वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून ते पुस्तिकेला लागले ते असे, की आम्हाला रविवारची सुट्टी मिळाली. गाव सोडून त्यांना दहा वर्षं झाली होती. काय बदललं असेल? कोण उरलं असेल? त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, प्रवास बंद. फोन करून विचारा, असं मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. बावीस वर्षांत तिथल्या माणसानं मला फोनवर नाही असं म्हटलेलं नाही, ते म्हणाले. विचारणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून ती माणसं बंद दुकानही उघडं आहे म्हणून सांगतील. आपल्यातलीच वाटतात ती मला.

एप्रिलमध्ये माझ्या कंपनीनं मला चार दिवसांच्या ट्रेनिंगला डब्लिनला पाठवलं. शनिवार मोकळा होता. डब्लिनहून ते गाव बसनं तीन तास. त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. पुस्तिकेची एक प्रत काढली, प्रत्येक नोंदीपुढे पेन्सिलनं एक चौकोन आखला, एकतीस चौकोन, आणि माझ्या हातात दिली. "सगळ्या जमणार नाहीत एका दिवसात. ज्या बघशील त्यांनाच खूण कर," ते म्हणाले. "बस मात्र बघच. मठाच्या चौकातून गावात परत यायला ती एकच गाडी आहे. दादाला नऊ किलोमीटर चालवणार नाही."

पुस्तिकेत लिहिलं होतं: 'परतीची बस मठाच्या चौकातून शनिवारी पाच वाजता. थांब्याची पाटी नाही. गाडी दिसताच हात दाखवावा.'

मी हो म्हणालो. मोठ्या माणसानं सांगितलं की हो म्हणायचं, हे आम्हाला लहानपणीच इतकं भिनलेलं असतं की करायचं की नाही हा विचार नंतर येतो. डच माणूस तोंडावर म्हणाला असता, माझा एकच मोकळा दिवस आहे, मी जाणार नाही. त्यांचं बोलणं इथे आल्यावर आपल्याला लागतं. त्यातून काय वाचतं ते नंतर कळतं.

त्या शनिवारी मला उशिरा जाग आली. सकाळची बस गेली होती. पुढची पकडली असती तरी दोन-तीन ठिकाणं झाली असती, मठाच्या चौकातली पाचची बस तर नक्की पाहून झाली असती. बाहेर पाऊस होता. खोलीत टीव्हीवर क्रिकेट होतं. मी म्हटलं, एक ओव्हर बघू. दुपारी मी लॅपटॉप उघडला आणि त्या गावाच्या पर्यटकांसाठीच्या पानावर गेलो. किल्ला होता. मठ होता. तलाव होता, ट्राउट मासे होते, दलदलीतल्या फळ्यांच्या वाटेचा नवा फोटो होता. कयाकिंग आणि मुलांसाठी झाडावरच्या दोरांचं उद्यान, एवढं नव्यानं आलं होतं. मी एकेक खूण करत गेलो. बसचा त्या पानावर उल्लेख नव्हता. नाही म्हणजे बदल नाही, असा मी अर्थ काढला आणि तिथेही खूण केली.

मग मी उठून बाथरूममध्ये गेलो आणि ती प्रत नळाखाली धरली. थोडीशीच, कोपऱ्याला. पावसात भिजल्यासारखी दिसावी म्हणून. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. आळस कुणालाही येतो. नळ मी विचार करून सोडला होता.

ग्रोनिंगनला पोचलो त्या संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं. गुडघा उशीवर ठेवलेला.

"पायाखाली काय होतं?"

"चिखल," मी म्हणालो.

ते हसले. मी कयाकचं सांगितलं. तलावात कयाक? ट्राउट पळून जातील, ते म्हणाले, पण त्यांना ते आवडलं होतं. मी तिथे गेल्याचा तो पुरावा होता. भिजलेला कोपरा त्यांनी अंगठ्यानं सरळ केला. मग विचारलं, "बस आली?"

"आली."

"पाचलाच?"

"पाच-सात मिनिटं इकडेतिकडे."

"ड्रायव्हर कोण, तो लाल केसांचा?"

"टोपी होती," मी म्हणालो. "केस दिसले नाहीत."

पुस्तिका छापली ती दोनच प्रतींत. एक दादांना लंडनला गेली.

जूनमध्ये दादा आणि वहिनी त्या गावी पोचले. पहिल्या दिवशी वहिनींचा फोन आला तेव्हा डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना खाली बोलावलं. पिवळं दार सापडलं होतं. कुत्रा भुंकला होता, चावला नव्हता. सतराव्या पायरीवर दादांनी वहिनींना सांगितलं होतं, बघ, हलते. पुस्तकात आहे तसंच आहे सगळं, वहिनी म्हणाल्या. दादा फोनवर आले नाहीत, पण मागून त्यांचा आवाज ऐकू आला. उद्या मठ आहे म्हणून सांग त्याला. डॉक्टरांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "आज बाहेरून काहीतरी मागवूया."

दुसरा दिवस शनिवार. पुढचं मला डॉक्टरांकडून कळलं, त्यांना वहिनींनी सांगितलं ते.

मठ पाहून दोघं साडेचारलाच चौकात येऊन थांबले. पाच वाजले. पाटी नाही म्हणून काही वाटलं नाही, पाटी नसतेच असं पुस्तकात होतं. साडेपाच वाजता पाऊस आला. एक बाई गाडी थांबवून म्हणाली, बसा, सोडते. दादांनी तिला नम्रपणे सांगितलं की आमची बस येते आहे. मग एक ट्रॅक्टरवाला थांबला. त्यानं बहुधा सांगायचा प्रयत्न केला, पण त्याचं इंग्रजी या दोघांना कळेना. वहिनी म्हणाल्या, अहो, बसू या. दादा म्हणाले, "त्यानं लिहिलंय ना, येईल." आदल्या दिवशीची प्रत्येक पायरी खरी निघाली होती. साडेसातपर्यंत ते उभे राहिले, आडोसा नसलेल्या चौकात, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात दाखवत राहिले. शेवटी वहिनींनीच एक गाडी थांबवली. त्या गाडीवाल्यानं सांगितलं की ही बस बंद होऊन तीन वर्षं झाली.

रात्री दादांना ताप भरला. दोन दिवसांनी उठून बसता आलं तेव्हा ते ग्रोनिंगनला न येता सरळ लंडनला परतले. वहिनींनी डॉक्टरांना फोनवर विचारलं, "भावजी, तुम्ही असं का लिहिलंत?"

त्या संध्याकाळी डॉक्टर माझ्या खोलीत आले. तिसऱ्या मजल्यावर. नवा गुडघा, तो जिना. ते यापूर्वी कधीच वर आले नव्हते. हातात माझी खुणांची प्रत. रागावलेले अजिबात नव्हते, फक्त त्यांना समजून घ्यायचं होतं.

"तू बस पाहिलीस ना?"

तेव्हा सांगता आलं असतं. मी तिशीत होतो, मला कुणी मारणार नव्हतं. मी म्हणालो, "पाहिली. पण डॉक्टर, मी साडेतीनची म्हणालो होतो."

"पाच म्हणालास."

"नाही. साडेतीन. आता वेळ बदललीये, असं मी त्या दिवशीच सांगितलं. तुम्ही म्हणालात, टिपून घेतो."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी नजर काढली नाही, हेही सांगायला हवं. ती बस तीन वर्षांपूर्वी बंद झाल्याचं त्यांना तासाभरापूर्वी वहिनींनीच सांगितलं होतं. मला वाटतं, ती गाडीवाल्याची गैरसमजूत असेल असं त्यांनी स्वतःला पटवलं, पाचची बंद झाली असेल आणि साडेतीनची सुरू असेल. मला खोटं ठरवण्यापेक्षा त्यांना ते सोपं गेलं.

"असं म्हणालास?" ते म्हणाले. आणि हातातली प्रत मिटत, "मग मीच."

खाली जाऊन त्यांनी लंडनला फोन लावला. मी जिन्यात उभा होतो. "वहिनी, दादाला सांगा, इथल्या मुलानं बरोबर सांगितलं होतं. मी विसरलो," एवढं ते म्हणाले. पलीकडून वहिनीच बोलत होत्या. दादा काय म्हणाले ते त्यांनी सांगितलं असावं, कारण डॉक्टरांनी ते शब्द पुन्हा म्हटले, नीट ऐकलं ना याची खात्री करावी तसे.

"तो तेव्हाही विसरलाच होता. बरं. हो. बरोबर आहे त्याचं."

तीन महिन्यांनी मी नोकरी बदलून अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टला गेलो. त्या तीन महिन्यांत त्यांनी एक लहान वही खिशात ठेवायला सुरुवात केली. गॅस बंद केला, लिहायचे. गोळी घेतली, लिहायचे. मुलीला फोन केला, लिहायचे, आणि मग मुलीला विचारायचे, मी तुला फोन केला होता ना? ज्या माणसाला बेचाळिसातली सतरावी पायरी लक्षात होती तो स्वतःच्या दाराचं कुलूप दोनदा ओढून बघू लागला. त्यांनी हट्टानं स्मरणशक्तीची तपासणी करून घेतली. वयाच्या मानानं उत्तम, असं सांगण्यात आलं. त्यांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. माझ्याकडे पुरावा आहे, ते म्हणाले. रविवारच्या सहली थांबल्या, मग गाडी विकली. पुस्तिकेचं नाव कुणी काढलं नाही. दोन वर्षांनी दादा गेल्याचं मला एका जुन्या भाडेकरूच्या मेसेजवरून कळलं. डॉक्टर वाईला गेले नाहीत, असंही त्यानं लिहिलं होतं.

मी वर्षातून एकदा फोन करायचो, दिवाळीला. हवापाणी.

याला आता अकरा वर्षं झाली. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. ती आता त्याच घरात राहते, वडिलांबरोबर. ते ब्याऐंशीचे आहेत, तिची नोकरी आहे, त्यांना दिवसभर एकटं ठेवणं तिला जमत नाही. खेमेंटेला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, मदतीसाठी अर्ज करायचा होता, आणि नंतर कदाचित कायम राहण्याच्या जागेसाठी. विसरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या, दारं बाहेरून बंद असतात त्या विभागात. फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, विसरणं पहिल्यांदा केव्हा लक्षात आलं.

"तू तेव्हा घरात होतास," ती तिच्या इंग्रजीत म्हणाली. "त्या बसचं. तेच पहिलं लक्षण होतं, नाही का? मी तसंच लिहिलं आहे. साक्षीला तुझं नाव घातलं तर चालेल?"

मी चालेल म्हणालो. मग दोन दिवस ऑफिसात बसून काही केलं नाही, आणि शनिवारी ग्रोनिंगनची गाडी पकडली.

ते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. बारीक झालेत. मला लगेच ओळखलं, पण नाव घेण्याआधी खिशातल्या वहीत पाहिलं. मी येणार हे त्यांनी लिहून ठेवलं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. क्रिकेट, पर्यटकांचं पान, खोट्या खुणा, नळ, आणि साडेतीन. मध्ये त्यांनी मला एकदाही थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "म्हणजे साडेतीनचीही नव्हती?"

"नव्हती."

"आणि मला पाच आठवत होतं ते, तू पाचच म्हणाला होतास म्हणून?"

"हो."

खिडकीबाहेर समोरच्या घरी कुणीतरी सायकलीच्या पुढच्या लाकडी पेटीत दोन मुलं बसवत होतं. "दादा गेला तेव्हा मी गेलो नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, विमानतळावर गेल्यावर कुठं निघालोय तेच विसरून जाईन."

मी माफी मागितली. त्यांनी हात हलवला, माशी उडवावी तसा. तो नकार होता की जाऊ दे म्हणणं होतं, मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

"मला सांगून काय उपयोग?" ते म्हणाले. "आत ती आहे. तिला सांग. फॉर्म सोमवारी जायचाय."

मी म्हणालो की जाताना सांगतो.

"आत्ता सांग. आणि इंग्रजीत सांग. तिला एक शब्द सुटायला नको."

मी स्वयंपाकघरात गेलो. ती भांडी घासत होती, माझ्याकडे पाठ करून, नळ मोठा सोडलेला. टेबलावर फॉर्म होता, बराचसा भरलेला. समोरासमोर बोलायचं धाडस नव्हतं, म्हणून मी तिच्या पाठीलाच सांगायला सुरुवात केली आणि थांबलो तर पुन्हा सुरू करता येणार नाही या भीतीनं शेवटपर्यंत सांगून टाकलं. तिनं नळ बंद केला. हात पुसले. पाण्याच्या आवाजात आपल्याला निम्मंच ऐकू आलं, असं ती म्हणाली. मग तिनं माझ्यासाठी खुर्ची ओढली, स्वतः समोर बसली, फॉर्म आणि पेन पुढ्यात घेतलं आणि म्हणाली, सावकाश, पहिल्यापासून.

मी पहिल्यापासून सांगायला लागलो. त्या शनिवारी मी डब्लिनच्या हॉटेलातून बाहेरच पडलो नाही, असं म्हणालो, आणि तिनं ते लिहून घेतलं.